अकरावी नळी

३ मार्च
आज लॅबच्या फ्रीजरमध्ये, खालच्या कप्प्यात ताई सापडली.

म्हणजे तिचं रक्त. चार वर्षांत वेळोवेळी घेतलेलं, अकरा नळ्यांत गोठवलेलं. नाव नाही, नुसते नंबर. पण लेबलांवरचं अक्षर माझंच, आणि तिचा नंबर मला पाठ. ती जाऊन सहा वर्षं झाली. हातमोजे बदलायचं निमित्त करून बाहेर आले.

४ मार्च
लॅबच्या मॅडमनी काम समजावलं. ल्यूपसच्या, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं त्या रोगाच्या, पेशंटांचे जुने नमुने काढायचे आणि नवी चाचणी लावायची. रोग उसळण्याआधीच रक्तातलं एक प्रथिन वाढतं का, ते बघायचंय. त्यातली एक माझी बहीण आहे, हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्या कुणाला गेलं असतं.

७ मार्च
लिहूनच टाकते. अकरावी नळी त्या दिवसाची आहे. ताई म्हणत होती, अंगात त्राणच नाही, बोटं आखडलीत. मी स्वतः तिच्या तपासण्या लावल्या – अँटीबॉडी, कॉम्प्लिमेंट, लघवी, रोग दाखवणारं सगळं जागच्या जागी. कागद तिच्यापुढे नाचवला. म्हटलं, "रक्त खोटं बोलत नाही, ताई. उगाच बाऊ करू नकोस."

तीन महिन्यांत किडन्या गेल्या. पाचव्या महिन्यात ती.

तेव्हापासून एकच प्रश्न डोकं खातोय. होतं का काही त्या रक्तात, जे मला दिसलं नाही?

१२ मार्च
नऊ नळ्या झाल्या. ती पहिल्यांदा ॲडमिट झाली त्याच्या दोन महिने आधीच प्रथिन तिप्पट! चाचणी पकडते. म्हणजे अकरावीतही पकडणार. घास उतरला नाही. आईनं विचारलं तर पित्त झालंय म्हटलं.

१३ मार्च
दहावी केली. अकरावीची हिंमत झाली नाही.

१५ मार्च
काम करताना ताई मागे उभी आहे असं वाटत राहतं. टेबलाला टेकून, दम लागल्यासारखी. मी वळून बघत नाही – खरं सांगायचं तर भीती वाटते, सख्ख्या बहिणीची! मॅडम म्हणाल्या चेहरा उतरलाय, दोन दिवस रजा घे. घेतली नाही.

नळीत तळाशी जेमतेम आहे. एकदाच लावता येईल. मग तीही संपली.

१८ मार्च
लावली.

काही नाही! प्रथिन खालीच, निरोगी माणसाइतकं. थेंब दोन खाचांत वाटून लावला होता, दोन्हीत तोच आकडा. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, रोग शांत होता तेव्हा, नुसता थकवा तर शांत असतानाही येतो. म्हणजे मी बरोबर होते. मी बरोबर होते! सहा वर्षांनी पोटभर जेवले. दिवसभर मागे कुणी नव्हतं. उद्या आईला सांगते.

१९ मार्च
आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली.

मग म्हणाली, "तू रिपोर्ट दाखवलास, त्याच दिवशी तिनं गोळ्या बंद केल्या. म्हणाली, रोग नाही, मग हा थकवा गोळ्यांचाच. मी म्हटलं, अगं, धाकटीला विचार आधी. तर म्हणाली, तिनंच तर सांगितलंय."