चक्क्यावरची घडी

प्रिय केदारदादा,

काल सकाळी चक्क्यावरच्या ताटलीत पाणी दिसलं आणि माझं सगळंच बदललं! खालच्या भांड्यात नाही रे, वर. ताटलीच्या काठाभोवती. तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि एवढ्या काळात तुला एक ओळ लिहिली नाही मी. पण हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

हल्ली मी सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हो, मास्टर्स अर्धवट सोडलं. त्याचं पुढे सांगतो. मालकिणीला श्रीखंड खायचं होतं. "क्वार्कमध्ये साखर घाल की," म्हणाली. तुझ्या हाताखाली शिकलेला मी, मला इथला तो आयता क्वार्क चक्का म्हणून कसा चालेल? दही टांगायला वेळ नव्हता. चाळणीत कापड, कापडात दही, चारी टोकं वर दुमडून घडी, त्यावर ताटली, ताटलीवर डंबेल. दात घासून येतो तर काय, वर पाणी!

लॅबमध्ये तुझ्या प्रयोगात तू नेमकं हेच केलं होतंस. काचेचं नळकांडं, तळाला जाळी, आत कापड, कापडात दही. "चक्का उघडा ठेवायचा नसतो," असं अगदी एखाद्या काकूच्या सुरात म्हणालास, टोकं वरून दुमडलीस आणि त्यावर वजनाची चकती ठेवलीस. मग कॉम्प्युटरला सांगितलंस, वरची बाजू बंद, पाणी फक्त खालून जाणार.

बंद कुठे होती, दादा? त्या घडीतून पाणी आडवं सरकत काठाशी येत होतं आणि फटीतून वर निसटत होतं! तुझ्या नजरेतून साधा स्वल्पविराम सुटायचा नाही, आणि हे सुटलं? तुला काय बोलू, मीही शेजारीच उभा होतो. कापड दुमडणं आपल्या हाताच्या इतकं सवयीचं, की तो प्रयोगाचा भाग आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

तुझं ते पहिलं लेक्चर आठवतं. कॅन्टीनमधल्या दह्याच्या वाटीत चमचा खुपसून म्हणालास, "यात घट्ट भाग कुठे आणि पाणी कुठे, ते दाखव." मला दाखवता येईना. "म्हणून धरायचं की प्रत्येक ठिकाणी दोघंही आहेत. दोघांना वेगळी समीकरणं. पण गेनाऊ, नेमकी इथेच पंचाईत! काठावर वरून दाबलं, तर त्यातला किती भार घट्ट भागाने उचलला आणि किती पाण्याने, हे कुणी सांगायचं? आपल्याला तर फक्त एकूण भार माहीत."

सगळे म्हणत, प्रमाणात वाटून टाका. तू चिडायचास. "वाटणी करणारे आपण कोण? काठावर पाण्याला वाट आहे की नाही, एवढंच सांगा. वाट असेल तर तिथे पाण्यावर दाब उरत नाही, सगळा भार घट्ट भागावर. वाट नसेल तर एकूण भार सांगून गप्प बसा. आधी पाणी उचलेल, मग हळूहळू घट्ट भाग. वाटणी आतून ठरेल."

किती सुंदर होतं ते! पण गणित म्हणायचं पाणी सावकाश निघेल, आणि नळकांड्यातलं निघालं भराभर. तू असतास तर शोधून काढलं असतंस. तू सायकलवरून पडलास, तो उठलाच नाहीस. इतकी कसली घाई होती रे?

पुढच्या मीटिंगमध्ये प्रोफेसर म्हणाले, "कल्पना सुंदर, पण प्रयोगापुढे टिकत नाही." मी टेबलावर हात आपटला, या इमारतीत परत पाऊल ठेवणार नाही म्हणून ओरडलो, आणि त्याच आठवड्यात नाव काढून घेतलं. गायत्री जिन्यापर्यंत मागे आली होती. तुझ्या शेजारच्या टेबलावरची गायत्री. "ओरडून आलेख जागचा हलत नाही, ओंकार."

तुझं काम तीच पूर्ण करतेय. तिने प्रमाणात वाटणीची अट घेतलीय. वाटणीचा आकडा हवा तसा फिरवला की रेषा जुळते. आज दुपारी कोलोक्वियममध्ये, सगळ्या विभागासमोर, ते मांडणार, मग छापायला. तुझ्या कल्पनेला एक ओळ: जुळली नाही.

काल ताटली हातात धरूनच तिला फोन लावला.

"दह्यावर कापड वरूनही होतं ना?"

"हो. का? आणि गुड मॉर्निंग."

"मग वरची बाजू उघडी होती, गायत्री! दोन्हीकडून पाणी! अंतर निम्मं, आणि वेळ अंतराच्या वर्गाने, म्हणजे चौथाई!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"आल्झो… बरं, उद्या ये. आकडे आण, आरडाओरडा नको. आणि केस विंचरून ये."

केस! केसांचं कशाला म्हणाली असेल? हसू नकोस. "आधी समीकरण सोडव, मग गायत्री," असं तूच चिडवायचास.

दिवसभर दोन चाळण्या लावल्या. एकीवर घडी, दुसरीवर घडीऐवजी प्लॅस्टिक, कडाही बंद. वजन सारखंच. दुसरीतून पाणी रडतखडत आलं! मग माझ्या लॅपटॉपवर राहिलेल्या तुझ्याच प्रोग्रॅममध्ये वरची बाजू उघडी केली, बाकी एक अक्षर बदललं नाही, आणि लॅबचे जुने बिंदू रेषेवर येऊन बसले. सुरुवातीचे दोन-तीन जरा बाहेर आहेत. तेही लपवणार नाही.

दादा, शब्द देतो. आज आवाज चढवणार नाही. प्रोफेसर काहीही म्हणोत, आलेख दाखवेन, खाली बसेन आणि प्रश्न ऐकून घेईन. तुझी अट तुझ्याच नावाने छापली जाईल, यासाठी लागेल तितक्या वेळा त्या इमारतीत जाईन. आणि गायत्रीला माझ्या मनातलं सांगेन. पण उत्तर तिचं तिला ठरवू देईन.

ट्राम गाठायचीय. लॅपटॉप घेतला. केस विंचरले. निघालो, दार ओढून घेतो.

तुझा,
ओंकार