डब्याला कीड लागली नाही

नाशिक
शनिवार, दुपार

प्रिय दीपक,

हे पत्र तेजस्विनी तुला वाचून दाखवील हे धरूनच लिहायला बसलेय. तुझ्या मुलीला मी अजून पाहिलेलं नाही आणि काल फोनवर पहिल्यांदा बोलले ती ओरडूनच. नमस्कार नाही, चौकशी नाही. ती पावडर बाबांना आता चिमूटभरही देऊ नकोस, डबा फेकू नकोस, झाकण लावून पिशवीत बांध, आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग की यांच्या पोटात पारा गेलाय. बिचारी घाबरून "हो काकू, हो काकू" करत राहिली. तू कसा आहेस हे विचारायचंही मला सुचलं नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला. रक्त-लघवी तपासायला दिलीय, पायांवर सूज आहे, किडन्यांचं काही खरं नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि उद्या, रविवारी सकाळी तुला इकडे नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात आणणार आहेत. डॉक्टरांना जे लागेल ते मी वेगळ्या कागदावर लिहिलंय. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातला जमील रोज मनमाडहून ये-जा करतो, तो दोन्ही कागद आज संध्याकाळी तुझ्या घरी आणून देईल. हा कागद तुझ्यासाठी.

तुला कच्छ आठवतंय ना? त्र्याण्णवचा फेब्रुवारी, वनस्पतिशास्त्राच्या नमुन्यांसाठी काढलेला दौरा. चार दिवस जीपमधून नुसती धूळ खाल्ली आणि पाचव्या दिवशी तू चालत्या गाडीतून उडी मारलीस. वाळूतून हातभर पिवळाधमक तुरा वर आलेला. एक पान नाही, हिरवा ठिपका नाही. सिस्टँची! सर म्हणाले होते की नशीब असेल तर दिसेल. आपण दोघं पालथे पडून हातांनी वाळू उकरत गेलो. पांढुरका, मुळ्यासारखा जाडजूड दांडा खाली खाली जातच राहिला, आणि शेवटी रुईच्या एका बारीक मुळाला गाठ मारल्यासारखा चिकटलेला सापडला. ती रुई केवढी लांब उभी होती! वरून बघितलं तर तिला काहीही झालेलं नव्हतं, दोन-चार पानं पिवळी होती एवढंच. सरांनी तेव्हा सांगितलं होतं की हिचं बी धुळीएवढं असतं, वर्षानुवर्षं वाळूत नुसतं पडून राहतं. शेजारून एखादं मूळ गेलं की जागं होतं आणि त्याला धरतं. आपल्याला फुलं दिसतात तोवर खाली खाणं चालू होऊन बराच काळ लोटलेला असतो. मला ते ऐकून शहारा आला होता आणि तू मात्र हसत होतास, कारण दोन वर्षं रोज माझा अर्धा डबा खाणाऱ्या तुला त्या दिवसापासून मी सिस्टँची म्हणायला लागले.

दोनच दांडे आपण आणले. धर्मशाळेच्या गच्चीवर, मागून आणलेल्या विळीवर त्यांच्या चकत्या केल्या, कारण इतका रसाळ दांडा अख्खा वाळवला तर सडतो. त्यातली एक तू तोंडात टाकलीस आणि कडू आहे म्हणून थुंकलीस. तुला काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. तुझा त्या चकत्यांवर विश्वास का बसला, ते मला कालपासून पुरतं कळतंय.

मे महिन्यात तुला रेल्वेची ऑर्डर आली. प्रबंध अर्धा टाकून तू जायला निघालास आणि मी चिडले. चिडले तरी तुला काहीतरी द्यावंसं वाटत होतं, म्हणून त्या चकत्या पत्र्याच्या डब्यात भरून द्यायचं ठरवलं. उघडून बघते तर पुडीत भुंगे! आपल्या संग्रहात कीड लागली की काय करायचं हे तुलाही ठाऊक होतं, पण तू तेव्हा प्रयोगशाळेत येणं सोडलं होतंस. मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याचा जहाल क्षार, अल्कोहोलमध्ये विरघळवलेला. नमुना एकदा त्यात बुडवायचा, निथळायचा, वाळवायचा. मग त्याला शंभर वर्षं किडा शिवत नाही. मी तुझ्या चकत्या एकदा नाही, तीनदा बुडवल्या. प्रयोगशाळेतला शिपाई गोटीराम शेजारी ट्रे धरून उभा होता. म्हणाला, "बाई, एकदा पुरं हाय. लय पाजू नका, ते काय औषध नाय." मी त्याला गप्प केलं. तुझ्या डब्याला कधीच कीड लागू नये असं मला वाटत होतं. खूप वाटत होतं, दीपक, हे आता तुला तुझ्या मुलीच्या तोंडून ऐकायची वेळ आली तरी चालेल.

संग्रहातल्या अशा नमुन्यांच्या कागदावर आपण लाल शिक्का मारायचो. डब्यासाठी मी लाल शाईने चिठ्ठी लिहिली होती: विष. मग वाटलं, निघालेल्या माणसाच्या हातात हा शब्द कसा द्यायचा? फाडून टाकली. तोंडाने सांगेन म्हटलं. आणि स्टेशनवर तू सांगितलंस की घरच्यांनी तुझं लग्न ठरवलंय. मी डबा तुझ्या हातात कोंबला आणि मागे न बघता बाहेर येऊन रिक्षात बसले.

परवा कॉलेजच्या पत्त्यावर तेजस्विनीचं पत्र आलं. पाकिटावर मनमाड आणि अक्षर अनोळखी, त्यामुळे तू गेलास अशीच माझी समजूत झाली. दिवसभर ते पर्समध्ये घेऊन फिरले आणि काल फोडलं. पोर लिहिते की बाबांचे हात थरथरतात, कप धरवत नाही, हिरड्या सुजल्यात, तोंडाला सारखी धातूची चव येते, आणि कधी नव्हे ते माणसांवर खेकसतात. डॉक्टर झाले, वैद्य झाले. त्यांना बरं वाटतं ते फक्त त्या वाळवंटातल्या मुळीच्या पावडरीने, रोज सकाळी दुधातून घेतात. ती आता संपत आलीय, तर काकू, अजून कुठे मिळेल? खाली तिने नंबर दिला होता. तो मी तिथल्या तिथे फिरवला.

विषाचं सगळं तिला मी सांगितलंय, डॉक्टरांच्या कागदावरही लिहिलंय. एक गोष्ट मात्र सांगितली नाही आणि ती तुला माझ्याकडूनच कळायला हवी. तुझी तीन पत्रं मला मिळाली होती. गेल्या जूनमध्ये पहिलं आलं, तुझं अक्षर लांबूनच ओळखलं आणि न फोडता खणात टाकलं. बत्तीस वर्षांनी आठवण झाली काय, राहू दे पडून, असं म्हणाले. दिवाळीत दुसरं आलं, पत्ता तिरका गेलेला. जानेवारीतल्या तिसऱ्यावर पिनकोडचे आकडे एकमेकांवर चढले होते. मी ते पाहिलं, दीपक. पाहिलं आणि मनात म्हणाले की बायको गेल्याचं ऐकलं होतं, तेव्हापासून प्यायला लागला असेल. काल फोन ठेवल्यावर मी तिन्ही पाकिटं फोडली. पहिल्यात तू लिहिलंयस, "तू दिलेला डबा काढला, एवढ्या वर्षांत एक किडा लागलेला नाही, तुझ्या हाताला गुणच आहे. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं की ही मुळी ताकदीची आहे, म्हणून कुटून थोडी दुधातून घेईन म्हणतो. तू यातली जाणकार, घेऊ नको म्हणालीस तर घेणार नाही. आणि उत्तर आलं नाही, तर तुझी हरकत नाही असं समजेन." उद्या आठ वाजल्यापासून मी द्वारका चौकाजवळच्या त्या रुग्णालयाच्या फाटकाशी उभी असेन. हे सगळं ऐकल्यावर मला वर बोलवायचं की नाही, ते तेजस्विनीकडून कळव. तुझं उत्तर आलं नाही, तर तुझी हरकत नाही असं मी समजणार नाही. तशीच खाली थांबेन.

तुझा डबा भरून देणारी,
तुझीच
योगिनी