शेवटचं पान आधी

आईस,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, घरमालकीण न मागता चहा देते. प्रवासात कादंबरी लिहून होईल म्हणून आले आणि गाड्यांच्या संपात अडकले. रोज स्टेशनवर जाऊन विचारते, तिथले लोक नुसते हात हलवतात.

तुझं ऑपरेशन ठरल्याचं दादाने कळवलं. तू अजिबात घाबरली नाहीस म्हणे. हे मला नको सांगूस. नीट जेवतेस ना?

माझी कुठलीही प्रेमकथा तू शेवटच्या पानापासून उघडतेस. दोघं भेटली, तरच पुढे वाचतेस. किती भांडायचे मी त्यावरून. या वेळी शेवटचं पानच आधी लिहिलंय, सोबत पाठवतेय.

भेटतात गं दोघं. मधलं मात्र एक अक्षर सुचत नाहीये. ते वाचायला थांब.

तुझी,
धाकटी