ग्वालासेओत इरा

२ मे, क्लेटन
येऊ का, असं विचारलं होतं, त्याला इराचा मेसेज आला, तीन आठवड्यांनी. 'कम इफ यू वाँट.' एवढंच. रजा टाकली. लॅबमधल्या शेजारणीने विचारलं, "इक्वेडोर? फॅमिली देअर?" म्हटलं, मुलगी. फार्मसी अर्धवट सोडून इरा तिकडे विणकाम शिकायला गेली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. हे जाऊन आता आठ महिने. आजारपण तिला कळवलंच नाही. कळवलं ते सगळं उरकल्यावर.

८ मे, क्वेंका
पोचले. इरा घ्यायला आली नाही. काम आहे, शनिवारी ग्वालासेओला ये म्हणाली. म्हणजे अजून तीन दिवस. एकटीच फिरतेय. कॅथीड्रलचे निळे घुमट, नदीकाठची जुनी घरं. टोप्या विणणाऱ्या बायका पाहिल्या. पामच्या पानाची काडी वाळून तुटू नये म्हणून बोटं सारखी पाण्यात बुडवतात. अर्धा तास उभी होते. एकीने स्टूल पुढे केलं. भाषा येत नाही, हसले. दिवसभरात माणसाशी तेवढाच संबंध.

११ मे, ग्वालासेओ
तासाभराची बस. इरा बारीक झालीये. बोटं नखांपर्यंत निळी. जवळ घ्यायला गेले तर, "डाय लागेल, आई."
ती कार्मेनबाई म्हणून एक विणकर आहेत, त्यांच्याकडे शाली विणते. सुताला आधी गाठी बांधायच्या, मग निळीत बुडवायचं. गाठी सोडल्या की नक्षी. आपल्या पटोळ्यासारखंच की, म्हटलं. "आय नो, आई."

१२ मे
आज सांगून टाकलं. ती गाठी बांधत होती.
"बाबांनीच कळवू नको म्हटलं होतं."
"आणि तू ऐकलंस."
"हो."
"किती दिवस आजारी होते?"
"पाच महिने."
"फाइव्ह मंथ्स. आय वुड हॅव कम, आई."
कार्मेनबाईंना शब्द कळले नसणार. त्यांनी दोघींपुढे सूप ठेवलं. इराने हात लावला नाही. मी सगळं प्यायले. लाज वाटत होती, पण भूक होती.

१३ मे, चोर्देलेग
चांदीच्या तारकामाचं गाव. इराने आणलं खरं, पण चार पावलं पुढेच चालत होती. दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे बघून काही विचारलं. इरा म्हणाली, "मि मामा." माझी आई. एवढं स्पॅनिश मला कळतं. बाहेर आल्यावर पुन्हा चार पावलं पुढे.

२० मे, क्लेटन
आजपासून कामावर. ट्रिप कशी झाली, सगळ्यांनी विचारलं. 'गुड' म्हटलं.
शुक्रवारी निघताना बसस्टँडवर इराला विचारलं होतं, सप्टेंबरात वर्षश्राद्धाला येशील का. "बघते" म्हणाली, आणि बस हलायच्या आत वळून गेली.
संध्याकाळी एकटीपुरता भात लावला. तेवढ्यात मेसेज. 'तिथीने की तारखेने?'
दोन्ही लिहिलं. तिकीट आत्ताच काढलं तर बरं, हेही लिहिलं होतं. ते खोडून बाकीचं पाठवलं.
वाचलंय तिने.