जमीन मूळ स्थितीत परत

मी खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागाचा मी स्वतः देते.

१. शिवणयंत्र व कात्र्या भाचीला, धाकट्या भावाच्या मुलीला. तिच्या बापाने त्यांना हात लावू नये.

२. बँकेतील शिल्लक मजुरीसाठी. काम पुढे सांगते.

३. वाटणीत धाकट्या भावाने पुढचे घर घेतले. मला मागची खोली आणि परसू, तेही हयातीपुरते. त्या परसात त्याच्या गवंड्याने वाटणीआधीच, ते घर बांधताना, सगळा राडारोडा ओतला होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. मी माती चाळून विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळे वेचली. पालापाचोळा, भाजीची देठे, शेण असे थर घातले. पहिल्या वर्षी शेण कच्चेच घातले आणि सगळी रोपे जळाली, तेव्हा वहिनी खिडकीतून हसली होती. तेही विसरलेले नाही. आता मूठ दाबली की मातीचा गोळा होतो, बोट लावले की सुटतो. गांडुळे आपण होऊन आली.

काल भावाने तीच माती मुठीत घेतली. म्हणाला, "ताई, आपली जमीन मुळातच कसदार बघ! तुझ्यामागे आम्हीच भाजी लावू इथे. आणि तो पत्र्याखालचा ढीग कशाला ठेवलायस गं?"

"असू दे, लागेल," मी म्हटले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी त्याला चहा दिला.

४. मी खोली वाढवीन या भीतीने वाटणीपत्रात त्यानेच हट्टाने अट घातली आहे: 'जमीन मूळ स्थितीत परत करावी.' ती मी तंतोतंत पाळणार आहे. माझ्यामागे वकिलांनी मजूर लावून हातभर खोल माती काढावी आणि शेजारच्या नर्सबाईंच्या परसात टाकावी. पालापाचोळ्याच्या पाट्या इतकी वर्षे त्यांनीच भरून दिल्या. फावडे आणि चाळणही त्यांनाच. गांडुळे जपून न्यावीत.

५. पत्र्याखालचा ढीग म्हणजे वेचलेला राडारोडा. मी त्यातला तुकडाही फेकलेला नाही. तो खड्ड्यात ओतून, वरून सारखा करून भावाच्या ताब्यात द्यावा आणि त्याच्याकडून पोच घ्यावी.

ठिकाण: मागची खोली.
दिनांक: भाऊ माती चाचपून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सही: ताई

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. भावाचे घर बांधणारा गवंडी (अंगठा). ढीग पाहिला, माल माझाच आहे.