तळ्यातली काळी बाटली

४ नोव्हें.
वैशू आली रत्नागिरीहून. मासळीच्या कॉलेजातली पयली सुट्टी. माय म्हने जाऊन ये, लहानपनची मैत्रीण हाय तुही. म्हटलं तळ्यात शेन टाकाचं हाय. टाकलंही, दोन टोपले. उद्या टाकलं असतं तरी चाललं असतं.

५ नोव्हें.
थेच आली शेततळ्यावर. फोनमध्ये समुद्र दाखवला. सरांसंगं बोटीनं आत गेलती. काठाजोळ पानी हिरवट, लांब निळंशार. म्हटलं निळं चांगलं. हसली. "निळं पानी उपाशी असते, सुमे. हिरवं थे भरल्या पोटाचं."
पान्यात डोळ्याले न दिसनाऱ्या वनस्पती असतात म्हने, उन्हावर वाढतात. त्या बारके जीव खातात, त्यायले मासे. पार देवमाशापरेंत साऱ्यायचं पोट त्याईच्यावर.
तीन वर्सं झाले, शेन टाकून मी पानी हिरवं करून राह्यली. रोहू-कटला मासोळी त्याच्यावर वाढते, एवढं ठाऊक. देवमासा कोनी सांगतला नव्हता.
नववीत सोडली मी शाळा. वाचाले उभं केलं की आवाजच निघे नाई. तवा माह्या जागी वैशू उठून वाचे.

६ नोव्हें.
तिले दाखवलं पानी कसं पाहाचं. कोपरापरेंत हात बुडवाचा. पंजा दिसेनासा झाला की बरोबर, दिसला त आजूक शेन. लय आवडलं तिले. समुद्रात याच्यासाठी दोरीनं थाळी सोडतात म्हने.
तिथंच सरांले फोन लावला. "सर, मी हात बुडवून पाह्यलं..." सर स्पीकरवर वा वा करून राह्यले. माहं नाव एकडावही नाई. मी बाजूलेच उभी, हातातून पानी गळून राह्यलं.


७ नोव्हें.
तिचा अभ्यास असा. दोन बाटल्यात तळ्याचं पानी भरून सकाळी तळ्यातच टांगाच्या. एक उघडी काच, दुसरी काळ्या कापडात गुंडाळलेली. उजेडातलीत वनस्पती ऑक्सिजन करतात, अंधारातलीत नुसता खर्च. सांजच्याले दवाईचे थेंब टाकले की पानी तपकिरी. जेवढं गडद तेवढा ऑक्सिजन. दोन्हीतला फरक पाहून समजते, उन्हावर पान्यानं किती केलं. समुद्रात हेच केलं तिनं, आता आमच्या तळ्यासंगं ताडून पाहनार.
टांगून मावशीकडं मंगरूळपीरले गेली. लक्ष ठेवजो म्हने.
ठेवलं. दुपारी काळीचं कापड सोडलं. तीन तास उन्हात राहू देली. मंग गुंडाळून गाठ होती तशीच बांधली.
सांजच्याले दोन्हीचा रंग जवळपास सारखा. वैशू आलटूनपालटून उजेडात धरून पाहे. तिचा चेहरा उतरला अन् मले बरं वाटलं. लिहाचं त खरं लिहाचं.

८ नोव्हें.
सर फोनवर रागावले तिले. साधं काम जमत नसंन त पुढच्या बोटीवर दुसऱ्याले नेतो म्हने. तळ्याच्या कडेले बसून सांगे. रडली नाई. नखानं माती उकरत राह्यली.
बाबा म्हने, पोरगी शिकलेली हाय, तिचं नाई चुकत, तळ्यातच काई खोट असंन.
माह्या तळ्यात.

९ नोव्हें.
वैशूले सांगतलं. "काळ्या बाटलीचं कापड म्या सोडलतं."
तिनं वही काढली. "किती वाजता?"
साडेबारा ते साडेतीन, म्हटलं. लिहून घेतलं. काहून, हे इचारलंच नाई. शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं. तिले माह्यापेक्षा त्या तीन तासायचं जास्त पडलं. इथंही माह्या पुढंच थे.
जाताना बाटल्या अन् थेंब माह्याच हातात देल्ले. "उद्या माही गाडी हाय. तू टांग पुन्हा. सांजच्याले थेंब टाकून रंगाचा फोटो पाठव, थो मी सरांले दाखवीन."

१० नोव्हें.
उजाडताच टांगल्या. सातची गाडी होती तिची. स्टँडवर गेली नाई मी.
फोटो बरोबर आला त तिची बोट पक्की. थे पुन्हा जाईल आत, निळ्या पान्यापरेंत. मी इथंच, शेनाच्या टोपल्यासंगं.
बारा वाजले. ऊन सरळ तळ्यावर हाय. काळीची गाठ यावेळी माही, दुहेरी बांधली, आजूक सोडली नाई. सांज व्हाले आजूक लय वेळ हाय.