आठवण ठेवणारी बॅटरी

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझा घसा बसला आहे (कारण पुढे येईल). आपला खोकला आणि मुख्य म्हणजे अक्काचा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर तिचा एकदाच फोन आला. मी भेटायला का आलो नाही, यावर ती नुकती रंगात येत होती, तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली. मीच फोन ठेवला असं ती धरून बसली आहे. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

तर बॅटरीचंच सांगतो. आमच्या गोदामातल्या वॉकीटॉकींना नव्या बॅटऱ्या घ्यायच्या आहेत. साहेबांनी तीन जातींच्या माझ्यापुढे ठेवल्या आणि वापरून सांगा म्हणाले (गावच्या शाळेत विज्ञानात मी काठावर पास, हे त्यांना ठाऊक नाही). लिथियमची हलकी आणि गुणी. केव्हाही चार्ज करा, तक्रार नाही. मात्र पार उपाशी ठेवली तर कायमची रुसते. निकेल-मेटल हायड्राइडची पोटात बरंच साठवते, पण नुसती कपाटात ठेवली तरी आपली आपण उतरते (आमच्या धाकट्याच्या अभ्यासाच्या उत्साहासारखी). तिसरी जुनी, निकेल-कॅडमियमची. वजनाला दगड, थंडीला दाद देत नाही, पण तिला म्हणे आठवण असते. रोज अर्धी वापरून चार्जिंगला लावली, की ती तेवढंच लक्षात ठेवते आणि पुढे अर्ध्यावरच मान टाकते. उपाय एकच: एकदा पूर्ण उतरू द्यायची, मग भरायची.

मला मोठं नवल वाटलं. बोलल्याने बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती जुनी सेटमध्ये घालून बोलायचं बटण दाबून धरलं. पण एकट्याने बोलणार काय? नामस्मरण सुरू केलं. बटण दाबलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, हे मी भक्तीत विसरलो. आणि चॅनल कामाचाच होता. तिकडे क्रेनला पेटी लटकलेली आणि सगळ्यांच्या सेटवर माझा जप. शेवटी क्रेनखालचा हमाल चालत माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, देवापर्यंत पोचलं असेल. आता आमचं क्रेनवाल्यापर्यंत पोचू द्या.”

साहेबांना मी लिथियमची सुचवली. पण ती जुनी, रिकामी करून भरल्यावर, दिवसभर बिनतक्रार चालली. तेव्हापासून विचारात आहे.

आपला मेहुणा

ता. क. रविवारी सकाळी आपल्या फोनवर फोन करतो. तो अक्काच्या हातात द्या आणि राहिलेलं सगळं बोलून घे म्हणावं. मी मध्ये बोलणार नाही.

आणखी एक. फोन चार्जरला लावूनच बसेन. वायर आखूड आहे, उठून जाताही येणार नाही.